ताई, एक विचारू का? : आशाताईंच्या प्रशिक्षणाबद्दल

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज पाहुणे कुणी नाहीत, आज तुम्हाला माझंच ऐकायचं आहे. विषय आहे पाळी, गर्भाशय आणि गावातल्या मुलींना हे सगळं समजावून सांगणारी बाई. काही जणांनी लगेच हेडफोन शोधला असेल. राहू दे, स्पीकरवर लावा. घरात ऐकू गेलं तर बरंच आहे.

जे पहिल्यांदा ऐकतायत त्यांच्यासाठी सांगते. मी मूळची विट्याची, म्हणजे सांगली जिल्ह्यातली. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. गेली दोन वर्षं महिन्यातला एक शनिवार-रविवार मी एका छोट्या गटाबरोबर सांगली-साताऱ्यात असते. खानापूर, जत, खटाव, माण हा पट्टा. गटात एक स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, एक रिटायर्ड सिस्टर आहेत आणि ऑडिओ, मोबाईल वगैरे बघायला मी. आशाताईंना आणि गावातल्या काही स्वयंसेविकांना आम्ही एकच गोष्ट शिकायला मदत करतो. १० ते १९ वयाच्या मुलींशी त्यांच्या शरीराबद्दल बोलायचं कसं.

ऑफिसमधले विचारतात, "माहितीच तर द्यायची ना, त्यात काय एवढं?" आजचा सगळा भाग म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे.

आशाताई म्हणजे नक्की कोण?

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यातून 'आशा' आली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक. ती त्याच गावात राहणारी, बहुतेक वेळा गावची सून. ती सरकारी नोकर नाही. कागदोपत्री ती स्वयंसेविका आहे आणि तिला कामाप्रमाणे मोबदला मिळतो. गरोदर बाईची नोंद, बाळंतपणाला दवाखान्यात सोबत, लसीकरण, टीबीच्या गोळ्या, करोनात दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरणं, हे सगळं तीच करते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा आपण सगळ्यांनी तो फोटो स्टेटसला ठेवला होता.

'गावची सून' हा शब्द लक्षात ठेवा. ज्या मुलींना तिनं शिकवायचं, त्यातली एक तिच्या जावेची मुलगी असते, एक शेजारणीची, एक सरपंचांची नात. तिला सगळ्या घरांत प्रवेश आहे, ही तिची ताकद. आणि तिला त्याच घरांमध्ये आयुष्य काढायचं आहे, ही तिची अडचण.

२०१४ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आणला. आहार, लैंगिक आणि प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, व्यसनं, हिंसा, पुढे जडणारे आजार, असे त्यात सहा विषय. गावातल्याच मुलामुलींतून 'साथिया' निवडायचे, दोन मुली आणि दोन मुलगे, आणि आशाताईनं त्यांना हाताशी धरायचं. आराखडा चांगला आहे. खरी परीक्षा होते ती अंगणवाडीच्या खोलीत, जेव्हा समोर पंधरा मुली बसलेल्या असतात आणि ताईच्या तोंडून शब्द फुटत नाही.

आपल्याच भागातल्या दोन गोष्टी

पुढे जाण्याआधी सातारा जिल्ह्यातल्या दोन घटना सांगते, कारण त्यांच्याशिवाय ही शांतता कळत नाही.

पहिली २०११ ची. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून जिचं नाव 'नकुशा' किंवा 'नकोशी' ठेवलं, अशा २८० हून जास्त मुली एकट्या सातारा जिल्ह्यात सापडल्या. २२ ऑक्टोबर २०११ ला साताऱ्यात कार्यक्रम झाला आणि त्यांना नवी नावं मिळाली, बऱ्याच जणींनी ती स्वतः निवडली. छान झालं ते. पण विचार करा, जिला रोज हाक मारतानाच 'तू नको होतीस' असं सांगितलं जातं, ती 'माझ्या पोटात दुखतंय, असं का होतंय?' हे कुणाला विचारणार?

दुसरी २००७ ची, 'हनिमून पॅकेज'ची. नव्या जोडप्यानं पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर ५,००० रुपये, तीन वर्षं लांबवलं तर ७,५००. सातारा जिल्हा परिषदेची ही योजना परदेशी पेपरांतही गाजली. कल्पना वाईट नव्हती. पण बघा, गर्भनिरोधन हा शब्द मुलीपर्यंत पोचला कधी? गळ्यात मंगळसूत्र पडल्यावर. त्याआधीच्या सात-आठ वर्षांत तिच्या शरीरात एवढी उलथापालथ झाली, तेव्हा तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं.

शाळेत बोलतील म्हणाल, तर त्याच २००७ साली महाराष्ट्रात शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाला विधिमंडळात विरोध झाला आणि तो कार्यक्रम थांबवला गेला. म्हणून फिरून प्रश्न येतो ताईकडेच.

आधी शब्द

आमच्या प्रशिक्षणाची पहिली बैठक फक्त शब्दांची असते. सिस्टर फळ्यावर तीन रकाने आखतात. घरातला शब्द, पुस्तकातला शब्द, दवाखान्यातला शब्द. ताया सांगत जातात आणि फळा भरत जातो. पाळीसाठी 'कावळा शिवला', 'बाहेर बसली', 'अडचण आहे', 'चार दिवस'. पुस्तकात 'मासिक पाळी'. दवाखान्यात 'डेट'.

मग येतं गर्भाशय. घरातला शब्द एकच, 'पिशवी'. 'पिशवीला सूज आहे', 'पिशवी खराब झाली', 'पिशवी काढून टाकली'. पिशवी म्हटलं की ती फाटणार, खराब होणार आणि टाकून देता येणार. हा नुसता शब्दांचा खेळ नाही. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे दर सहा जणींमागे जवळजवळ एक. त्याला कारणं पुष्कळ आहेत. फडातलं काम, खाडे झाले की पैसे कापणं, पाणी-संडास नसणं, पैसे उकळणारे दवाखाने. पण 'आता पोरं झाली, पिशवीचं काम संपलं' हे वाक्य त्या बाईनं लहानपणापासून ऐकलेलं असतं, त्यामुळे डॉक्टर तेच म्हणाला की ती उलटा प्रश्न करत नाही.

म्हणून ताईनं मुलींना 'पिशवी' म्हणू नये का? म्हणावं की. तिथूनच सुरुवात होते. आमच्या डॉक्टर म्हणतात, पिशवी म्हणा, मग तिचं खरं नाव सांगा, मग मूठ वळून दाखवा की ती साधारण एवढी असते. आणि तिच्या दोन्ही बाजूंना असलेल्या बीजकोशांचं काम पाळी सुरू करून संपत नाही, हेही सांगा.

मग सराव. प्रत्येक ताईनं उभं राहून, बाकीच्यांकडे बघत, मोठ्यानं बोलायचं. पहिल्या बैठकीत बहुतेक जणी पदर तोंडाला लावून हसतात. दहा-दहा वर्षं बाळंतपणं जवळून बघितलेल्या बाया बरं का या! त्यांना माहिती कमी नसते, ती चारचौघांत बोलायची सवय नसते. चौथ्या बैठकीपर्यंत हसू थांबतं. म्हणून आम्ही एका दिवसाचं शिबिर घेत नाही. सहा महिन्यांत सहा बैठका, आणि दोन बैठकांच्या मध्ये ताईनं गावात एक वर्ग घ्यायचा, मग येऊन काय अडलं ते सांगायचं.

चिठ्ठ्यांचा डबा

दुसरा मोठा भाग म्हणजे प्रश्न. प्रत्येक ताईकडे एक झाकणाचा डबा असतो. मुली नाव न लिहिता चिठ्ठी टाकतात. काय येतं चिठ्ठीत? काही नमुने सांगते.

"पांढरं जातं म्हणजे हाडं झिजतात का?" नाही. थोडं पांढरं किंवा पारदर्शक पाणी जाणं हे निरोगी शरीराचं लक्षण आहे. वास येत असेल, खाज असेल, रंग हिरवट-पिवळा असेल किंवा दह्यासारखं जात असेल, तर डॉक्टरकडे जायचं.

"माझी दोन महिने आली नाही, मला काय झालंय?" पाळी नुकतीच सुरू झाली असेल तर पहिली एक-दोन वर्षं ती मागेपुढे होते. पण पंधरा वर्षं पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तीन महिने गायब झाली, सात दिवसांपेक्षा जास्त जाते किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजतं, तर दाखवायला हवं. पोटात इतकं दुखतं की शाळा बुडते, हेही दाखवण्यासारखं दुखणं आहे. 'बाईच्या जातीला सोसावंच लागतं' हे त्यावरचं उत्तर नाही.

"लोणच्याला हात लावला तर खरंच नासतं का?" यावर खटाव भागातल्या एका ताईनं फार छान केलं. त्यांनी वर्गातल्या मुलींना सांगितलं, मी गेली पाच वर्षं पाळीतसुद्धा लोणचं घालते, हे घ्या, खाऊन बघा. बरणी घेऊनच आल्या होत्या.

"निळ्या गोळीनं मळमळतं, घेऊ का नको?" ही लोहाची आठवड्याची गोळी. उपाशीपोटी घेऊ नका, जेवणानंतर घ्या. वर लगेच चहा पिऊ नका, चहानं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. लिंबू, आवळा, पेरू याबरोबर चांगलं शोषलं जातं. शौचाला काळी होते, त्याला घाबरायचं नाही.

आणि मग येते ती चिठ्ठी जिच्यावर ताई गप्प होते. "भावाच्या मोबाईलमध्ये बघितलं, ते खरं असतं का?" "एक मुलगा मला आवडतो, हात धरला तर दिवस जातात का?"

इथं आम्ही तायांना एक वाक्य पाठ करायला लावतो: "मला नीट माहीत नाही, विचारून पुढच्या वेळी सांगते." ऐकायला सोपं आहे, पण म्हणायला फार अवघड. गावात ज्या बाईला 'डॉक्टरीण' म्हणतात तिनं 'माहीत नाही' म्हणायचं म्हणजे मान खाली जाते असं वाटतं. अनुभव उलटा आहे. ताईनं एकदा असं म्हटलं आणि पुढच्या महिन्यात खरंच उत्तर आणलं, की डब्यातल्या चिठ्ठ्या वाढतात.

गुपिताचं काय करायचं?

आता सगळ्यात जड भाग. वर्ग संपतो, मुली पांगतात, एक जण चप्पल शोधत मागे रेंगाळते. "ताई, एक विचारू का?" आणि मग ती जे सांगते ते चिठ्ठीत मावणारं नसतं. लग्न ठरवतायत. काका त्रास देतो. किंवा, पाळी चुकली आहे आणि ती नुसती मागेपुढे झालेली नाही.

ताईसमोर एका बाजूला मुलीचा विश्वास, दुसऱ्या बाजूला कायदा, तिसऱ्या बाजूला भावकी. २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो की १८ वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर कळवणं बंधनकारक आहे. १८ च्या आतली संमती कायदा मानत नाही. त्यामुळे मुली भीतीनं दवाखान्यातच जात नाहीत, आणि कुठल्यातरी गोळ्या खाऊन जिवावर बेततं. यावर सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात एक वाट दाखवली. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव, ओळख देण्याची गरज नाही. ही गोष्ट तायांना माहीत असली तर त्या मुलीला आणि आईला वेळेत सरकारी दवाखान्यापर्यंत नेऊ शकतात. इथं एकेक आठवडा महत्त्वाचा असतो.

बालविवाहाचंही तसंच. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. पण लग्न थांबलं की गाव पहिलं विचारतं, कुणी सांगितलं? म्हणून ही एकट्या ताईची लढाई होऊ नये, यासाठी आम्ही आधीच नावं ठरवून घेतो. आरोग्य केंद्रातल्या कोणत्या सिस्टर, शाळेतल्या कोणत्या बाई, कुणाला फोन करायचा.

आणि वर्गाच्या पहिल्याच दिवशी ताई मुलींना एक गोष्ट स्पष्ट सांगते. "इथं बोललेलं मी बाहेर सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल, तर मी ते एकटीच्या पोटात ठेवणार नाही. कुणाला सांगायचं ते तुला विचारून ठरवू." आधी 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊन नंतर मोडण्यापेक्षा हे बरं. मुलीला माहीत असतं की ती कुठल्या दारात उभी आहे.

आणि मोबाईल?

सॉफ्टवेअरवाली आहे म्हटल्यावर सगळे विचारतात, "मग ॲप कधी करतेस?" मी करणार नाही, आणि त्याचं कारण सांगते.

आपल्या गावात मुलीचा स्वतःचा फोन क्वचित असतो. फोन भावाचा असतो, नाहीतर वडिलांचा. तिनं त्यात पाळीची तारीख टाकली, तर ती कुणाकुणाला दिसणार? आम्हाला मदत करू पाहणाऱ्या एका संस्थेनं अहवालाचा फॉर्म पाठवला होता. त्यात रकाने होते: मुलीचं नाव, वय, गाव, शेवटच्या पाळीची तारीख. हेतू चांगला असेल. पण अशी शीट तीन जणांच्या व्हॉट्सॲपवर फिरली की गावातल्या कुठल्या मुलीची पाळी चुकली हे कुणालाही कळू शकतं. आम्ही तो फॉर्म भरला नाही. आता आम्ही एवढंच मोजतो की किती मुली आल्या, किती चिठ्ठ्या पडल्या आणि किती जणींना दवाखान्यात पाठवलं. नाव कुठल्याच फोनमध्ये नाही. जी माहिती साठवलीच नाही ती फुटत नाही, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त सिक्युरिटी फीचर आहे.

मग मी काय करते? पाच-सहा मिनिटांच्या ऑडिओ क्लिप. डॉक्टर बोलतात, मी कापते, जोडते, आणि त्या फक्त तायांना जातात. वर्गाच्या आदल्या रात्री भाकरी थापता थापता ताई ती ऐकते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या शब्दांत सांगते. क्लिप मुलींपुढे वाजवायची नाही, असा नियमच आहे. मुलीला प्रश्न विचारायला समोर माणूस लागतं.

हे नवं नाही

सांगलीनं हे आधी करून दाखवलंय. १९९२ मध्ये मीना सेषू यांनी सांगलीत 'संग्राम' सुरू केली, एचआयव्हीच्या काळात. तेव्हा बाहेरून जाऊन वेश्या व्यवसायातल्या बायकांना उपदेश करणारे पुष्कळ होते. 'संग्राम'नं काम त्या बायकांच्याच हाती दिलं. त्याच एकमेकींना कंडोमबद्दल, आजाराबद्दल सांगू लागल्या, आणि १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली, 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. जिचं आयुष्य आपल्यासारखं आहे तिचं आपण ऐकतो, ही साधी गोष्ट तिथं सिद्ध झाली.

आणि मराठवाड्यात पैठण तालुक्यातलं पाचोड. तिथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेनं नव्वदच्या दशकात लग्न न झालेल्या मुलींसाठी वर्षभराचा वर्ग चालवला. रोज संध्याकाळी एक तास, शिकवायला गावातल्याच, फार न शिकलेल्या पण तयार केलेल्या बाया. निम्म्या मुलींची लग्नं ज्या वयाच्या आत होतात, ते वय १९९७ ते २००१ या काळात तिथं १६ वरून १७ वर गेलं. एक वर्ष फक्त, असं म्हणाल. सोळाव्या वर्षी गरोदर राहणं आणि दहावी होऊन घरात थोडं बोलता येणं, यात तेवढंच अंतर असतं.

पण पाचोडला वर्षभर रोज एक तास मिळाला होता. आपण आशाताईला महिन्यातून एक तास देतो, तोही सर्व्हे आणि लसीकरणामधून चोरून. आणि ऊस तोडायला बीडकडून वाळव्याला, कराडला येणाऱ्या टोळ्यांमधल्या मुली तर कुठल्याच गावाच्या यादीत नसतात. पालांवर जाऊन वर्ग घेणाऱ्या दोन ताया आमच्याकडे आहेत. त्या वेळेचा मोबदला त्यांना कुणी देत नाही. हे असंच चालू राहिलं, तर आपण 'स्वयंसेविका' या शब्दाचा फायदा घेतोय एवढंच.

तुम्ही काय कराल?

ऐकणारे बरेच जण वीस-बावीसचे आहात. गावी गेलात की तुमच्या आशाताईचं नाव विचारा, मुलींचा वर्ग कधी असतो ते विचारा. जागा नसेल तर तालमीची, वाचनालयाची, मंडळाची खोली महिन्यातून एक तास उघडून द्या. मुलग्यांनो, त्या तासाला बाहेर घिरट्या घालू नका, आणि बहिणीचं पॅड आणताना पेपरात गुंडाळून मागू नका. ग्रामसभेत एकदा विचारा की शाळेच्या मुलींच्या संडासात पाणी आहे का. आणि तुमच्यातल्या एखादीला 'साथिया' व्हायचं असेल, तर ताईकडे जा, तिला सोबत हवीच असते.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटनं पाठवा. नाव सांगायची गरज नाही. ज्याचं उत्तर मला येत नाही, ते डॉक्टरांना विचारून पुढच्या भागात सांगते.

चला, भेटू. काळजी घ्या.